मल्टिपाथ साठवण

सर्व्हर आणि त्याची बाह्य डिस्क यांच्यामध्ये एकाहून अधिक स्वतंत्र मार्ग ठेवून ते सर्व मार्ग एकाच डिस्कचे म्हणून हाताळण्याच्या पद्धतीस मल्टिपाथ साठवण किंवा बहुमार्गी साठवण असे म्हणतात. बँका, रुग्णालये, तिकीट आरक्षण अशा अखंड चालाव्या लागणाऱ्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या युनिक्स व लिनक्स सर्व्हरांवर ही पद्धत सर्रास आढळते. एखादी केबल, कार्ड किंवा स्विच निकामी झाल्यास काम न थांबता दुसऱ्या मार्गाने चालू राहावे, हा तिचा मुख्य हेतू होय. सर्व मार्गांवर कामाचा भार वाटून घेणे हा दुय्यम लाभ आहे.

रचना

मोठ्या सर्व्हरची माहिती बहुधा त्याच्या स्वतःच्या पेटीत नसते. ती स्टोरेज अ‍ॅरे नावाच्या वेगळ्या यंत्रात असते आणि सर्व्हर तिच्याशी फायबर चॅनल किंवा आयस्कझीच्या जाळ्यातून जोडलेला असतो. सर्व्हरमध्ये दोन जोडकार्डे, मध्ये दोन स्वतंत्र स्विच आणि अ‍ॅरेमध्ये दोन नियंत्रक अशी मांडणी प्रचलित आहे. प्रत्येक कार्डाला आपल्या स्विचमधून दोन्ही नियंत्रक दिसतात, त्यामुळे एका डिस्कपर्यंत चार मार्ग तयार होतात. दोन्ही स्विच एकमेकांना न जोडण्याचा संकेत आहे. ते जोडल्यास एका बाजूचा बिघड दुसऱ्या बाजूस पोहोचू शकतो आणि दुहेरी खर्चाचा उपयोग राहत नाही.

एक डिस्क, चार नावे

अडचण येथेच सुरू होते. प्रत्येक मार्गावर जे दिसेल त्याला कर्नल स्वतंत्र उपकरण मानतो. लिनक्सवर एकच डिस्क एसडीबी, एसडीसी, एसडीडी आणि एसडीई अशा चार नावांनी हजर होते. चार दरवाजांच्या वाड्याभोवती फिरणाऱ्या परक्या माणसाने चार घरे मोजावीत, तसाच हा प्रकार आहे. यातून दोन धोके संभवतात. फाइल सिस्टीम यांपैकी एकाच नावावर माउंट केली, तर तो मार्ग तुटताच ती बंद पडते आणि उरलेले तीन धड मार्ग निरुपयोगी ठरतात. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. तीच डिस्क दुसऱ्या नावाने रिकामी समजून कोणी तिच्यावर नवी फाइल सिस्टीम घातली, किंवा तीच फाइल सिस्टीम दोन नावांनी दोनदा माउंट झाली, तर माहितीचा नाश होतो. कर्नलच्या लेखी त्या दोन वेगळ्या डिस्क असल्याने तो कोणतीही सूचना देत नाही.

या चार नावांमागील डिस्क एकच आहे हे डिस्कच्या ओळख क्रमांकावरून ठरते. स्कझी मानकानुसार प्रत्येक लॉजिकल युनिट विचारल्यावर आपली ओळख सांगते. ही माहिती ज्या पानात असते त्याचा सोळा आधारी क्रमांक ८३ आहे. तेथून मिळणारा जागतिक ओळख क्रमांक, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूआयडी, कोणत्याही मार्गाने विचारला तरी तोच येतो. मल्टिपाथ सॉफ्टवेअर समान क्रमांकाची सर्व उपकरणे एकत्र करून त्यांच्यावर एक नवे उपकरण उभे करते. लिनक्सवर त्याला एमपाथए, एमपाथबी अशी सोपी नावे देता येतात. ही नावे सर्व्हरवरील बाइंडिंग्ज नावाच्या फाइलमध्ये नोंदलेली असतात. समूहातील दोन सर्व्हरांवर या फाइली वेगळ्या असतील, तर एमपाथए हे नाव दोन ठिकाणी दोन भिन्न डिस्कना मिळू शकते. म्हणून समूहात ही फाइल सर्वत्र सारखी ठेवतात किंवा थेट ओळख क्रमांक वापरतात.

नवे उपकरण तयार झाले तरी मूळ चार नावे अदृश्य होत नाहीत. एलव्हीएमने तीही तपासली, तर एकच भौतिक व्हॉल्यूम अनेकदा सापडल्याचा इशारा तो देतो. या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. एलव्हीएमच्या गाळणीत मूळ नावे वगळणे हा त्यावरील उपाय आहे.

मार्गाची निवड

सर्व मार्ग सारख्या योग्यतेचे असतातच असे नाही. अनेक अ‍ॅरेमध्ये एका डिस्कची मालकी एका वेळी एकाच नियंत्रकाकडे असते. दुसऱ्या नियंत्रकामार्फतही ती मिळते, परंतु वळसा घालून. कोणता मार्ग सरळ आणि कोणता वळणाचा हे अ‍ॅरेने सांगण्याच्या प्रमाणित पद्धतीस अलुआ म्हणतात. लिनक्सवरील मल्टिपाथ त्यानुसार मार्गांचे गट पाडतो. सरळ मार्गांना ५० आणि वळणाच्या मार्गांना १० असे प्राधान्य देतो आणि वरचा गट चालू असेपर्यंत खालच्या गटाला हात लावत नाही. गटातल्या गटात काम आळीपाळीने, सर्वांत छोट्या रांगेनुसार किंवा अंदाजित सेवाकाळानुसार वाटता येते.

जुन्या सक्रिय-निष्क्रिय अ‍ॅरेंमध्ये चुकीच्या नियंत्रकाकडे मागणी गेली की डिस्कची मालकीच तिकडे सरकत असे. दोन सर्व्हरांच्या मांडण्या विसंगत असतील, तर ते डिस्क आळीपाळीने दोन बाजूंना ओढत आणि सर्व मार्ग शाबूत असूनही काम कूर्मगतीने चाले.

थांबावे की अपयश कळवावे

एक मार्ग तुटल्यावर काय करावे याबाबत वाद नाही. अपुरे राहिलेले काम दुसऱ्या मार्गाने पुन्हा पाठवले जाते. मार्ग तुटल्याचे लक्षात येण्यास मात्र वेळ लागतो. लिनक्सवर स्कझी डिस्कच्या आज्ञेची सामान्य कालमर्यादा ३० सेकंद आहे. फायबर चॅनलवर दुवा तुटल्याची बातमी आधीच मिळत असल्याने हा अवधी काही सेकंदांवर आणता येतो.

खरा प्रश्न सर्वच मार्ग तुटल्यावर उभा राहतो. तेव्हा दोन पर्याय असतात. पहिला, येणारी प्रत्येक मागणी रांगेत ठेवून मार्ग परत येण्याची वाट पाहणे. दुसरा, वरच्या थराला ताबडतोब त्रुटी कळवणे. पहिल्यात अल्पकाळचा खंड उपयोजनाला जाणवतही नाही. परंतु मार्ग परतलाच नाही, तर मागणी केलेल्या प्रक्रिया गोठून राहतात. त्या सक्तीच्या किल आज्ञेनेही मरत नाहीत आणि बहुधा सर्व्हर बळेच बंद करावा लागतो. दुसऱ्या पर्यायात क्षणभराच्या खंडानेही फाइल सिस्टीम केवळ-वाचनीय होऊ शकते किंवा डेटाबेस कोसळू शकतो.

उत्तर सर्व्हरच्या कामावर अवलंबून आहे. एकट्या सर्व्हरला थोडी प्रतीक्षा हितावह असते. बदली सर्व्हर तयार असलेल्या समूहात त्रुटी लवकर कळणे आवश्यक असते, कारण ती कळल्याखेरीज काम दुसरीकडे हलवता येत नाही. दोन अ‍ॅरेंवर प्रतिबिंब ठेवले असेल, तर अमर्याद प्रतीक्षा घातकच म्हणावी लागेल. एक अ‍ॅरे बंद पडताच दुसरी धड प्रतही तिच्या उत्तरासाठी अडून राहते. मध्यम मार्ग म्हणून ‘नो पाथ रीट्राय’ या मांडणीत ठरावीक संख्या देतात. तपासणी दर ५ सेकंदांनी होत असेल आणि संख्या १२ असेल, तर सुमारे एक मिनिट वाट पाहून त्रुटी कळवली जाते. अ‍ॅरेचा एक नियंत्रक पुन्हा सुरू होण्यास लागणारा वेळ या संख्येत मावला पाहिजे. अनेक ठिकाणी ही संख्या नमुन्यातून जशीच्या तशी उचललेली असते.

विविध प्रणालींतील रूपे

आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये एका उपकरणाला अनेक चॅनल जोडण्याची कल्पना युनिक्सच्या आधीपासून होती. युनिक्सवर प्रारंभी ही सोय प्रत्येक उत्पादक आपापल्या परीने पुरवत असे. ईएमसीचे पॉवरपाथ आणि व्हेरिटासचे डीएमपी ही त्यांतील प्रसिद्ध नावे. एआयएक्समध्ये ५.२ या आवृत्तीपासून एमपीआयओ अंगभूत आहे. सोलारिसमध्ये एमपीएक्सआयओ आले आणि सोलारिस १० मध्ये ते मूळ प्रणालीचा भाग होते. एचपी-यूएक्समध्ये पूर्वी एलव्हीएमच्या पर्यायी दुव्यांवर काम भागवले जाई. २००७ मधील ११आय व्ही३ या आवृत्तीत ही सोय कर्नलमध्येच आली. लिनक्सने २.६ मालिकेतील डिव्हाइस मॅपरवर आपली व्यवस्था उभारली. तिची मल्टिपाथ-टूल्स ही साधने क्रिस्तोफ वारोकी यांनी सुरू केली.

देखभाल

मल्टिपाथचा गुण हाच त्याचा दोषही ठरतो. चारपैकी दोन मार्ग तुटले तरी वापरकर्त्याची तक्रार येत नाही. मग कित्येक दिवसांनी कोणी उरलेल्या बाजूचा स्विच ठरलेल्या दुरुस्तीसाठी बंद करतो आणि सर्व डिस्क एकदम नाहीशा होतात. म्हणून कोणत्याही स्विच वा नियंत्रकाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सर्व्हरवरील जिवंत मार्ग मोजावेत. लिनक्सवर ‘मल्टिपाथ -एलएल’, एआयएक्सवर ‘एलएसपाथ’ आणि सोलारिसवर ‘एमपाथएडीएम’ ही आज्ञा त्यासाठी आहे. एआयएक्सवर डिस्कच्या तपासणीचा कालावधी शून्य ठेवला असेल, तर तपासणी बंदच राहते आणि केबल नीट झाली तरी तुटलेला मार्ग आपोआप परत येईलच असे नाही.

डिस्क काढून टाकण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी फाइल सिस्टीम अनमाउंट करावी, मग मल्टिपाथ उपकरण काढावे, त्यानंतर मूळ मार्ग एकेक करून पुसावेत आणि सर्वांत शेवटी अ‍ॅरेवरून डिस्क काढून घ्यावी. क्रम उलटला तर मागे अनाथ नावे उरतात. पुढे त्याच क्रमांकावर अ‍ॅरेने दुसरी डिस्क दिली, तर जुने नाव नव्या डिस्ककडे नेऊ शकते आणि लेखन भलत्याच माहितीवर होते. लिनक्सच्या अलीकडील साधनांत परतलेल्या मार्गाचा ओळख क्रमांक पुन्हा पडताळण्याची सोय याचसाठी दिली आहे.

मल्टिपाथ केवळ मार्गांचे रक्षण करतो. अ‍ॅरेच जळाला किंवा फाइल चुकून पुसली गेली, तर तो काही करू शकत नाही. चुकीची आज्ञा चारही मार्गांनी तितक्याच तत्परतेने पोहोचते. त्यासाठी बॅकअप वेगळा ठेवावा लागतो.

एनव्हीएमई

एनव्हीएमई डिस्कसाठी लिनक्स कर्नलच्या जानेवारी २०१८ मधील ४.१५ या आवृत्तीत स्वतंत्र अंगभूत मल्टिपाथ आला. यात मार्गांचे एकत्रीकरण ड्रायव्हरमध्येच होते आणि वापरकर्त्याला आरंभापासून एकच नाव दिसते. अलुआचे काम येथे एएनए ही पद्धत करते. एकाच सर्व्हरवर स्कझीसाठी डिव्हाइस मॅपर आणि एनव्हीएमईसाठी अंगभूत व्यवस्था अशा दोन्ही एकत्र नांदू शकतात. मात्र त्यांच्या मार्गांची स्थिती पाहण्याच्या आज्ञा निरनिराळ्या आहेत.