मोबाइलचे प्रारण : मनोऱ्यापेक्षा कानाजवळचा संच महत्त्वाचा

मोबाइल संचातील रेडिओ लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंचे आयनीभवन करीत नाहीत. तथापि त्यांची काही ऊर्जा शरीरात शोषली जाते. हे प्रमाण ‘एसएआर’ म्हणजेच विशिष्ट शोषण दराने मोजतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून त्याची कमाल मर्यादा प्रति किलोग्रॅम १.६ वॅट असून ती एक ग्रॅम ऊतीवरील सरासरीने ठरते. बहुतेक संचांवर *#०७# दाबल्यास हे मूल्य दिसते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींचा समावेश ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात केला. हा गट मर्यादित पुरावा दर्शवितो. धोका सिद्ध झाल्याचे नव्हे.

नागरिकांचा रोष बहुधा मनोऱ्यांवर असतो. मात्र अंतर वाढताच लहरींची तीव्रता झपाट्याने घटते, त्यामुळे कानाशी धरलेल्या संचाचा वाटा सहसा अधिक असतो. शिवाय सिग्नल क्षीण असल्यास संच अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो. म्हणून लिफ्ट वा तळघरात दीर्घ संभाषण टाळावे, स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरावा आणि झोपताना संच उशीखाली ठेवू नये.