बलरेषा : प्रतिमा, गणित आणि अनुवाद

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांना आढळले की, लोखंडी कड्यावरील एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू वा बंद होतानाच दुसऱ्या वेटोळ्यात क्षणिक प्रवाह निर्माण होतो. याची उकल त्यांनी समीकरणांनी नव्हे, तर ‘बलरेषां’च्या प्रतिमेने केली. मॅक्सवेल यांनी तिला गणिती रूप दिले. तेव्हा १८५७ मध्ये फॅरडे यांनी त्यांना पत्रातून विचारले की, गणिताचे निष्कर्ष सामान्य भाषेतही का मांडू नयेत? हा प्रश्न मूलतः अनुवादाचाच होय. मराठीत तर्कशास्त्रातील ‘इंडक्शन’ हे ‘विगमन’ झाले, तर विद्युतशास्त्रातील ‘प्रवर्तन’. इंग्रजीतील अनेकार्थता येथे लोपली. मात्र ‘धर्मचक्रप्रवर्तना’तील गतीचा ध्वनी या संज्ञेत उमटतो, आणि बदलावाचून प्रवाह नाही, या नियमाशी तो सुसंगतच आहे. शालेय परिभाषेचा इतिहास म्हणूनच तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत यावयास हवा.