पनवेलमध्ये ऑफिस किंवा हॉस्पिटल बांधताय? 'ग्रीन बिल्डिंग'चं कोणतं रेटिंग घ्याल?

'गोल्ड', 'प्लॅटिनम', 'फाइव्ह स्टार'... इमारतींच्या जाहिरातींत हे शब्द हल्ली सर्रास दिसतात. पण ही रेटिंग देतं कोण? आणि तुमच्या इमारतीसाठी योग्य कोणतं?

मुख्य पर्याय कोणते?

• आयजीबीसी: सीआयआयने २००१ मध्ये सुरू केलेली संस्था. शाळा, हॉस्पिटल, कारखान्यांसाठी वेगवेगळी रेटिंग.

• गृह: 'टेरी' आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची पद्धत. एक ते पाच तारे. सरकारी इमारतींमध्ये जास्त वापर.

• लीड: मूळ अमेरिकेतलं. परदेशी कंपन्यांना जागा भाड्याने द्यायची असेल तर उपयोगी.

• एज: जागतिक बँक गटातल्या आयएफसीचं. वीज, पाणी आणि बांधकाम साहित्यातली ऊर्जा, तिन्हींत किमान २० टक्के बचत हवी.

एकाच इमारतीला दोन रेटिंगही मिळू शकतात. पुण्यात हडपसरच्या 'सुझलॉन वन अर्थ'कडे लीड प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे, दोन्ही आहेत.

फायदा काय?

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक नियमावलीत (यूडीसीपीआर) मूळ एफएसआयवर जादा एफएसआय मिळतो:

• गृह तीन तारे किंवा आयजीबीसी/लीड सिल्व्हर: ३ टक्के
• चार तारे किंवा गोल्ड: ५ टक्के
• पाच तारे किंवा प्लॅटिनम: ७ टक्के

पण कबूल केलेलं रेटिंग शेवटी मिळालं नाही, तर दंडाची तरतूदही आहे. शिवाय एमआयडीसीची हद्द या नियमावलीतून वगळलेली आहे. त्यामुळे तळोजा एमआयडीसीतल्या प्लॉटला हे गणित लावू नका. आपली जागा कोणत्या प्राधिकरणाकडे येते, ते आधी तपासा.

मग निवडायचं कसं?

नवी इमारत असेल तर नकाशा काढण्याआधीच ठरवा. खिडक्यांची दिशा, सावली, पावसाचं पाणी साठवायची टाकी या गोष्टी नंतर बदलणं महागात पडतं. देहरंग धरण आटलं की पनवेलकर टँकरची वाट बघतात. म्हणून इथे पाण्याच्या गुणांकडे विशेष लक्ष द्या.

इमारत जुनी असेल तर बीईईचं स्टार रेटिंग पाहा. ते वर्षभरात दर चौरस मीटरला प्रत्यक्ष किती वीज जळली, यावर मिळतं.

आणि भाड्याने जागा घेताय? मग प्रमाणपत्र डिझाइनसाठी मिळालंय की प्रत्यक्ष वापरासाठी, हे विचारा. सोबत गेल्या वर्षभराची वीजबिलंही मागा.