काचेकडून पितळी डबीकडे

इंदूरच्या छायाचित्रणाची कथा लाला दीनदयाळ यांच्यापासून सुरू होते. १८६६ साली ते येथील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि सर हेन्री डेली यांचे त्यांना प्रोत्साहन लाभले. त्या काळी प्रत्येक चित्राला एक काच लागे. काच जड, महाग, फुटणारी. साहजिकच तिच्यावर राजे, दरबार आणि मंदिरे उमटली. जुनी इंदूरच्या बोळातले बिऱ्हाड, ओट्यावर धान्य निवडणारी आजी यांच्या वाट्याला ती क्वचितच आली.

१९२५ साली लाइपझिगच्या प्रदर्शनात ऑस्कर बार्नाक यांचा लायका कॅमेरा आला आणि काचेची जागा सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मने घेतली. १९३२ पासून त्याला अंतरमापकाचीही जोड मिळाली. वापरून फेकायची भरलेली डबी कोडॅकने १९३४ मध्ये आणली. तोवर हौशी माणूस अंधारात सुमारे १.६ मीटर फिल्म कापून पितळी डबीत भरी. त्यात ३६ चित्रे निघत.

ही डबी म्हणजे एकात एक बसणारी दोन नळकांडी, दोन्हींना एकेक फट. कॅमेऱ्याचे बूड लावून किल्ली फिरवली की फटी समोरासमोर येत आणि फिल्म मोकळी सरके. बूड काढताना फट आपोआप मिटे. फेकाऊ डबीच्या तोंडाशी मखमल असते. तीत धुळीचा कण अडकला की साऱ्या फिल्मवर ओरखडा उठतो. पितळी डबीत मखमलच नव्हती. माळव्याच्या धुळीत हा गुण मोलाचा.

शिवाय काटकसर. तीस मीटरच्या एका रिळातून अठरा डब्या भरता येतात. पुढे १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना झाली आणि ‘इंदू’ हे देशी नाव घरोघरी पोहोचले. आता तो कारखाना बंद आहे. डब्या भरणारे हौशी मात्र अजूनही आहेत.

फिल्म स्वस्त झाली तेव्हाच सामान्य घरातले चेहरे टिकले. पण निगेटिव्ह चेहरा जपते, नाव जपत नाही. आपल्या दुभाषी मुलखात नातवंडे हिंदीत बोलू लागली, आणि पाकिटावर मराठीत ‘वन्संचे डोहाळजेवण’ लिहिले असेल तर या वन्सं कोण, हे सांगणारे माणूस घरात उरत नाही. यंदा फराळाला सारे जमतील तेव्हा ती पाकिटे बाहेर काढावीत, वडीलधाऱ्यांना विचारून नाव, नाते आणि गाव लिहून ठेवावे. काचेवरच्या राजांची नावे इतिहासाने नोंदवली. आपल्या आजीचे नाव आपणच लिहायचे आहे.