कॅडी चमचा

चहाच्या डब्यातून कोरडी पत्ती काढण्यासाठी इंग्लंडमध्ये वापरात असलेला आखूड दांड्याचा, पसरट तोंडाचा चांदीचा चमचा. ‘कॅडी’ म्हणजे चहाचा डबा. मलाय भाषेतील ‘काटी’ या वजनाच्या नावावरून हा शब्द आला. अठराव्या शतकात चहा इतका महाग होता की डब्याला कुलूप असे आणि किल्ली घरच्या बाईपाशी राही. चमचा डब्यातच मावावा म्हणून दांडा आखूड. १७८४ साली चहावरचा सुमारे ११९ टक्के कर १२.५ टक्क्यांवर आला, चहा साध्या घरांतही जाऊ लागला आणि या चमच्यांना गिऱ्हाईक वाढले. बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी पातळ पत्रा साच्यावर ठोकून ते स्वस्तात घडवले. शिंपला, पान, फावडे हे आकार नेहमीचे. घोडेस्वाराची टोपी आणि गरुडाचा पंख दुर्मिळ, म्हणून महाग.

बेताच्या पैशांत जुनी चांदी जमवू पाहणाऱ्याने सुरुवात इथून करावी. चांदी जेमतेम तोळा-दीड तोळा, पण ठसे मोठ्या चहादाणीवर असतात तेच. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धता, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम (तिथली तपासणी कचेरी १७७३ची), बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन. एक अक्षर वर्ष सांगते, आद्याक्षरे कारागीर. राजाचे किंवा राणीचे मस्तक करभरणा झाल्याची खूण. ते १७८४ ते १८९० याच काळात उमटवले जाई. आपल्याकडच्या जुन्या करंड्यावर किंवा अत्तरदाणीवर असे ठसे सहसा नसतात, तिथे घडणीवरूनच काळ ताडावा लागतो. इंग्लिश चमचा मात्र भिंगाखाली धरला की वाचता येतो, आणि हा आनंद पैशांत मोजण्यासारखा नाही.

फसवणूक मुख्यतः एकाच प्रकारची: साध्या जुन्या चमच्याचा दांडा कापून, तोंड ठोकून त्याला शिंपल्याचा आकार देतात. ठोकताना ठसे ताणले जातात. दांड्यावर तोंडाची वाफ सोडली की डाखाची रेघ क्षणभर उमटते. सिंह नसून ‘ईपीएनएस’ अशी अक्षरे असतील, तर तो चांदीचा नुसता मुलामा.

किंचित पोचा आलेला, पण ठसे स्पष्ट असलेला चमचा कमी किमतीत मिळतो आणि तोच घ्यावा. पोचा सोनार काढू शकतो. घासून पुसट झालेला ठसा परत येत नाही.