भिवंडीचा साधा माग आणि संगणकीय वस्त्राची वंशावळ

माग आणि संगणक यांचा संबंध सांगू लागले की इतिहासकाराची लेखणी जवळजवळ सवयीनेच लिआँ शहराकडे वळते. जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ मध्ये सिद्ध केलेला छिद्रपत्रांचा माग, त्यापासून स्फूर्ती घेणारा चार्ल्स बॅबेज आणि १८४३ मध्ये बॅबेजच्या यंत्रावर टिपणे लिहिताना त्याच मागाचा दाखला देणारी एडा लव्हलेस, ही परंपरा आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आहे. ती खोटी नव्हे. तथापि तिच्यात एक मोठी उणीव आहे. ती नक्षीच्या मागाची कथा आहे. ज्या गावांचा संसार नक्षीवर नव्हे तर साध्या विणीच्या कापडावर उभा राहिला, त्यांना या कथेत स्थान मिळत नाही. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे अशा गावांपैकी अग्रगण्य होय. डॉबी आणि जकार्ड तेथे आले खरे, परंतु भिवंडीची ओळख घडविली ती साध्या विणीच्या ग्रे कापडाने. हे साधे कापडच संगणकाच्या इतिहासात एका निराळ्या, फारशा न चर्चिलेल्या वाटेने शिरले.

ती वाट समजण्यासाठी त्रिमितीय प्रतिमाने घडविणाऱ्या संगणकप्रणालींतील ‘मॉडिफायर’ या साधनाचा प्रथम विचार केला पाहिजे. मूळ वस्तूस हात न लावता तिच्यावर करावयाच्या संस्कारांची आज्ञा स्वतंत्रपणे नोंदवून ठेवणे, हे या साधनाचे मर्म. ॲलन बार याने १९८४ मध्ये पिळणे, वाकविणे, निमुळते करणे या क्रियांना गणिती रूप दिले. सेडरबर्ग आणि पॅरी यांनी १९८६ मध्ये वस्तूभोवती कल्पित जाळी उभारून त्या जाळीच्या द्वारे वस्तूस मनाजोगा आकार देण्याची रीत मांडली. १९९६ मध्ये ‘थ्रीडी स्टुडिओ मॅक्स’ या प्रणालीने अशा संस्कारांची एकावर एक रचलेली रास कारागिराच्या हाती दिली. राशीतील कोणताही संस्कार काढावा, बदलावा, वर-खाली करावा. मूळ वस्तू शाबूत राहते. मात्र क्रम बदलला की फळ बदलते. आधी पिळून मग वाकविलेली पट्टी आणि आधी वाकवून मग पिळलेली पट्टी या दोन भिन्न वस्तू होत.

वस्त्रव्यवसायात वावरलेल्या माणसास यात नवल वाटू नये. सुताला खळ देणे, विणणे, खळ काढणे, विरंजन, रंगाई, छपाई असा संस्कारांचा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. भिवंडीचे ग्रे कापड म्हणजे पुढील संस्कारांची वाट पाहणारी मूळ वस्तूच होय. भेद इतकाच की गिरणीतील संस्कार परत घेता येत नाही. या भेदाचे मोल आर्थिक आहे. संस्कार ज्याच्या हाती त्याच्याकडे किमतीतील वाढ जाते, आणि मूळ वस्तू घडविणारा मजुरीच्या दरावरच राहतो.

पिळण्या-वाकविण्याची साधने भूमितीतून आली. वस्त्राचे साधन मात्र भूमितीच्या दालनात जन्मलेले नाही. त्याचा उगम कापडाच्या परीक्षणशाळेत आहे, आणि ही परीक्षणशाळा मँचेस्टरची. ब्रिटिश सुती उद्योगाच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या एफ. टी. पिअर्स याने १९३० मध्ये कापडाचा ‘हात’, म्हणजे बोटांना जाणवणारा त्याचा ताठपणा वा मऊपणा, मोजता येतो असे दाखविले. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवावी आणि ती स्वतःच्या वजनाने किती झुकते ते पाहावे, इतकी साधी ती युक्ती होती. १९३७ च्या निबंधात त्याने साध्या विणीतील ताणा आणि बाणा एकमेकांवरून कसे वळसे घेतात याची भूमिती मांडली. व्यापारी जे चिमटीत धरून ओळखत असे ते आता अंकांत आले. पुढे १९७० च्या दशकात क्योतो येथील सुएओ कावाबाता याने ताण, कातर, वाकणे, दाब आणि पृष्ठाचा खरखरीतपणा मोजणाऱ्या उपकरणांचा संच तयार करून हे काम बरेच पुढे नेले.

येथे भिवंडीच्या इतिहासाशी एक विलक्षण गाठ पडते. उत्तर हिंदुस्थानातून, विशेषतः १८५७ नंतरच्या काळात, आलेल्या मोमीन विणकरांनी या गावात हातमागाचा धंदा वाढविला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे यंत्रमाग आले. त्यांपैकी पुष्कळसे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते, आणि त्या गिरण्यांनी ते लँकेशायरहून आणविलेले होते. १८४२ च्या सुमारास ब्लॅकबर्न येथे केनवर्दी व बुलो यांनी सिद्ध केलेल्या मागाचा घाट अशा रीतीने दुसऱ्या-तिसऱ्या हाताने कामवारी नदीकाठच्या शेडमध्ये येऊन पोचला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर या विकेंद्रित मागांचे महत्त्व आणखी वाढले, यद्यपि त्यांची वाढ आधीपासूनच चालू होती. लँकेशायरच्या एकाच सुती उद्योगाने भिवंडीला माग दिला आणि संगणकीय वस्त्राला त्याची पहिली मोजमापे दिली. परंतु या दोन शाखांची भेट झाली नाही. (गिरणगावच्या बोलीत मागाला ‘साचा’ म्हणतात आणि विणाईविभागाला ‘साचेखाते’. आकार देणाऱ्या साधनासाठी वापरला जाणारा हाच शब्द, हा केवळ योगायोग मानावा. पण तो बोलका आहे.)

मोजमापांचे संगणकाकडे संक्रमण झाले ते १९८६ ते १९९८ या बारा वर्षांत. जेरी वाइल याने १९८६ मध्ये लटकत्या कापडाचा आकार संगणकावर रेखाटला. टेर्झोपोलस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लवचीक वस्तूंचे सर्वसाधारण गणित दिले. या मालिकेतील सर्वांत लक्षणीय निबंध मात्र ब्रीन, हाउस आणि वॉझनी यांचा, १९९४ चा. त्यांच्या प्रतिमानातील प्रत्येक कण म्हणजे ताणा आणि बाणा यांचा एकेक छेद होता. कणांमधील बलांसाठी त्यांनी कावाबाताच्या उपकरणांनी मिळालेली आकडेवारी घेतली आणि पडलेल्या घड्या खऱ्या कापडाशी ताडून पाहिल्या. विणकराचे कापड संगणकात धाग्याच्या छेदासह शिरले ते या एका टप्प्यावर.

पुढच्याच वर्षी प्रोव्होने वस्तुमाने आणि स्प्रिंगा यांची सुटसुटीत जाळी मांडली. तिच्यात उभ्या-आडव्या, तिरप्या आणि वाकण्याला विरोध करणाऱ्या अशा तीन प्रकारच्या स्प्रिंगा आहेत. १९९८ मध्ये बारॅफ आणि विटकिन यांनी गणनेची अशी पद्धत दिली की चित्रपटासाठी लागणारे लांबलचक प्रसंग व्यवहार्य वेळात काढता येऊ लागले. त्यांनी कापडाच्या दोन दिशा राखल्या हे खरे. पण त्रिकोणांच्या जाळीतील बिंदू आता छेद उरला नाही, सोयीप्रमाणे दाट वा विरळ करता येणारा नुसता बिंदू झाला. वेगाच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. ज्ञानाच्या दृष्टीने तेथे काहीतरी गळले, आणि जे गळले ते नेमके साचेखात्याचे ज्ञान होते.

कारण कापडाची पडण ठरते ती केवळ तंतूवरून नव्हे. एकाच सुताचे साध्या विणीचे कापड आणि सॅटिन विणीचे कापड घ्यावे. साध्या विणीत प्रत्येक धागा एकाआड एक वर-खाली जातो, छेद सर्वाधिक असतात, म्हणून कापड घट्ट राहते. सॅटिनमध्ये धागा लांब तरंगतो आणि कापड मऊ, ओघळते होते. मागावरून नुकत्याच उतरलेल्या ग्रे कापडात ताण्याला दिलेली खळ शिल्लक असते. तेच कापड धुऊन खळ काढल्यावर निराळे वागते. भिवंडीचा व्यापारी कापडाचा सौदा करताना रीड, पीक आणि सुताचा नंबर सांगतो, म्हणजे इंचात उभे धागे किती, आडवे किती, आणि किती बारीक. त्याच्या त्रोटक बोलण्यात विणीची रचना आलेली असते.

याच्याशेजारी आजच्या साधनांची भाषा ठेवून पाहावी. कोरियातील ‘मार्व्हलस डिझायनर’ या वेशभूषेच्या प्रणालीत ताणा आणि बाणा यांच्या ताणले जाण्याचे अंक वेगवेगळे ठेवता येतात. शिंप्याच्या गरजेने तेथे विणकराची दृष्टी काही अंशी परत आली. ‘ब्लेंडर’ ही मुक्त प्रणाली अधिक उद्बोधक आहे, कारण ती विनामूल्य असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती सहज पडते. २००२ मध्ये तिचा मूळ संकेत सर्वांना खुला झाला, आणि २००८ मधील आवृत्तीत वस्त्राचा मॉडिफायर आला. त्यात अंकांचे काही तयार संच दिलेले असतात: सूत, डेनिम, चामडे, रबर, रेशीम. या पाचांपैकी दोन कापडच नाहीत, दोन तंतूंची नावे आहेत, आणि विणीचा निर्देश करणारे नाव एकच, डेनिम. खळ लावलेल्या, रीड-पीकने ओळखल्या जाणाऱ्या साध्या विणीच्या ग्रे कापडासाठी त्या यादीत नाव नाही.