कापलेल्या टोलाची कुळकथा

खालापूरचा नाका मागे पडतो आणि घाट सुरू व्हायच्या आत खिशातला फोन थरथरतो. मागच्या सीटवरून लेक विचारते, “कापला?” मी म्हणतो, “कापला.” विषय संपला. माझे वडील अशा वेळी ‘पावती फाडली’ म्हणायचे. मी बरीच वर्षं ‘टोल भरला’ म्हणत आलो. आता घरात सगळ्यांच्या तोंडी एकच क्रियापद आहे, आणि त्यात कापणारा कोण ते कुणी सांगत नाही. भाजीवालीला पैसे देतो, विजेचं बिल भरतो. टोल मात्र कापला जातो. हे ‘कापणं’ आलं कुठून, याचा माग काढायला बसलो, तर वाट एका दगडी रांजणापाशी सुरू झाली आणि मध्ये चक्क गुरांच्या कळपातून गेली.

रांजण आहे नाणेघाटात. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल जुन्नरकडे चढायचा तो या खिंडीतून. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. खिंडीच्या तोंडाशी एक भला मोठा रांजण कोरलेला आहे. वाटसरूंनी यात नाणं टाकायचं आणि पुढे जायचं, म्हणून हा नाणेघाट, अशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. ती खरी धरली तर आपल्याकडचा हा सगळ्यात जुना टोलनाका. इथे पैसे टाकणाऱ्याला ते पडल्याचा आवाजही यायचा आणि रांजण किती भरला तेही दिसायचं.

पुढे शब्द बदलत गेले. ‘जकात’ अरबीतून आली, ‘राहदारी’ फारसीतून. वसुलीचा मक्ता द्यायचा, मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि वर जमेल ते आपलं, हीही आपली जुनी रीत. आजचा टोल कंत्राटदार म्हणजे त्या मक्तेदाराचाच वंशज. ‘टोल’ हा शब्द इंग्रजांबरोबर आला. मराठीत तो आधीपासून होता, पण घड्याळाचा. दोन्ही टोल एकाच कानाने ऐकणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांनी मग टोळधाडीतल्या ‘ळ’चा ‘ल’ करून ‘टोलधाड’ असा चपखल शब्द घडवला.

उपनगरात जाणाऱ्या वाटेवर टोल असावा की नसावा, हा वाद मुंबईत १८४५ मध्येच एका बाईंनी निकालात काढला होता. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती आणि येणं-जाणं नावेने. लेडी जमशेटजी जिजीभाई यांनी बांधाच्या रस्त्यासाठी १ लाख ५७ हजार रुपये दिले, पण अट घातली: या वाटेवर सरकारने कधीही टोल घ्यायचा नाही. माहीमच्या कॉजवेवर आजही टोल नाही. त्याच्याच बाजूला समुद्रातून गेलेल्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर मात्र २००९ पासून आहे. सेतूला लेडी जमशेटजी भेटल्या नाहीत.

मुंबईच्या नोकरदाराला टोल खऱ्या अर्थाने कळला तो १९९० च्या दशकानंतर. १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं, शहरात ५५ उड्डाणपूल बांधायचं ठरलं आणि खर्च वसूल करायला शहराच्या वेशीवर पाच नाके बसले: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. यातली मेख नकाशावर कळत नाही. ठाण्यात घर आणि मुलुंडला ऑफिस असलेल्या माणसाचा सगळा प्रवास चार-पाच किलोमीटरचा. पण वेस मधोमध असल्यामुळे रोजच्या घासात खडा.

तो खडा म्हणजे फक्त पैसे नव्हेत. कारचा टोल ३५ रुपये होता तेव्हाचा नाका आठवा. सकाळचे पावणेनऊ, पुढे पंचवीस गाड्या. डॅशबोर्डवरच्या डबीत काल राखून ठेवलेलं सुटं. खिडकीतून पन्नासची नोट पुढे केली की आतला मुलगा नोट न बघताच म्हणायचा, “पाच द्या ना सुटे.” नाहीत म्हटलं की दहाची नोट, पावती आणि पाच रुपयांच्या बदल्यात चॉकलेटं. पावती हातात येईपर्यंत मागचा हॉर्न वाजवत असायचा आणि डाव्या काचेवर चिक्कीवाला टकटक करत असायचा. ही सगळी देवघेव वीसेक सेकंदांची. पण वीस सेकंद गुणिले पंचवीस गाड्या म्हणजे आठ मिनिटांहून जास्त झाली, आणि तेवढ्यात आठ अठ्ठावन्नला पोहोचणारा माणूस नऊ-सातला पोहोचला.

माणूस न थांबवता पैसे कसे घ्यायचे, हा प्रश्न अमेरिकेत विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९५९ मध्येच मांडला होता. वॉशिंग्टनच्या वाहतुकीचा विचार करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांनी सुचवलं, की प्रत्येक गाडीत एक ओळख सांगणारं उपकरण बसवा, रस्त्यावर ते टिपा, आणि गर्दीच्या वेळी जास्त, एरवी कमी, असं बिल महिन्याअखेर घरी पाठवा. लोकांना ते खूळ वाटलं. विक्रींनी आपल्याच गाडीत साधा रेडिओ प्रेषक बसवून घरासमोर प्रयोग करून दाखवल्याचं सांगतात. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तिसऱ्याच दिवशी ते गेले.

विक्रींकडे विचार होता. उपकरणाचं मूळ मात्र भलतीकडेच. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं गरुडाचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूताच्या निवासातल्या भिंतीवर सात वर्षं लटकत होतं. १९५२ मध्ये उमगलं, की गरुडाच्या आत कान दडलेला आहे. त्यात ना सेल, ना वायर. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की आतला पडदा खोलीतल्या बोलण्याबरोबर थरथरायचा आणि परत जाणारी लहर ते बोलणं घेऊन जायची. हे घडवणारा लेव्ह टेर्मेन, म्हणजे हात न लावता वाजणारं ‘थेरेमिन’ हे वाद्य ज्याच्या नावाचं आहे तोच. स्वतःची वीज न वापरता, दुसऱ्याच्या झोतावर बोलण्याची ही विद्या. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींनी संदेश पाठवण्यावर शोधनिबंध लिहून तिला शास्त्राचं रूप दिलं.

तिथून ही विद्या गुरांच्या कळपात शिरली. अणुबाँब जिथे घडला त्या लॉस अ‍ॅलमॉस प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९७० च्या दशकात अणुसामग्रीवर नजर ठेवायला आणि गुरांची ओळख पटवायला सेलशिवाय चालणारे टॅग तयार केले. गाय फाटकातून जाते, टॅग क्रमांक सांगतो, कुणी तिला थांबवत नाही. याच मंडळींतल्या काहींच्या पुढाकारातून निघालेल्या अ‍ॅमटेक कंपनीचे टॅग रेल्वेच्या वाघिणींना लागले, आणि १९८९ मध्ये डॅलसच्या नॉर्थ टोलवेवर मोटारींना. हा रस्ता म्हणजे शहराच्या मध्यभागातून उत्तरेच्या उपनगरांकडे जाणारा. सकाळी एका दिशेने तुंबणारा, संध्याकाळी दुसऱ्या. त्याच्या दोन वर्षं आधी नॉर्वेतल्या ओलेसुंदमध्ये इलेक्ट्रॉनिक टोल सुरू झाला होता. टोरोंटोच्या उत्तरेकडून उपनगरांना जोडणाऱ्या महामार्ग ४०७ ने १९९७ मध्ये नाकेच ठेवले नाहीत: टॅग असेल तर टॅग वाचायचा, नसेल तर कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपून बिल घरी पाठवायचं.

भारतात सुरुवातीला जितके रस्ते तितकी यंत्रं असा कारभार होता. एका रस्त्याचा डबा दुसऱ्यावर मुका. २०१० मध्ये नंदन निलेकणी यांच्या समितीने गुंता सोडवला. सेलवर चालणारं महागडं उपकरण नको, सगळ्या देशाला एकच, काचेवर चिकटवायचा बिनसेलचा टॅग हवा, अशी शिफारस झाली. २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई महामार्गावर, म्हणजे चारोटी आणि खानिवडे हे नाके ज्या वाटेवर आहेत तिथे, फास्टॅगची चाचणी सुरू झाली. डिसेंबर २०१७ पासून नवी चारचाकी टॅग लावूनच विकायची सक्ती आली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर बिनटॅगच्या गाडीला दुप्पट टोल लागू झाला.

तो टॅग एकदा उजेडासमोर धरून पाहा. कारचा जांभळ्या रंगाचा असतो. आत कागदाइतक्या पातळ धातूची नागमोडी अँटेना आणि तिच्या पोटात तिळाहून लहान चिप. नाक्याच्या छपराखालचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतो. त्यांच्याच ऊर्जेवर चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला क्रमांक कळवते. गच्चीवरचं पोर आरशाचा कवडसा हलवून समोरच्या मित्राला खुणा करतं, तसं. टॅगमध्ये पैसे नसतात, फक्त ओळख असते. पैसे बँकेत. नाका क्रमांक पुढे पाठवतो आणि बँक रक्कम कापते. खात्यात शिल्लक नसलेल्या टॅगांची यादी नाक्यांकडे आधीच गेलेली असते. म्हणून रांगेत उभं राहून केलेला रिचार्ज बऱ्याचदा उपयोगी पडत नाही. “आत्ता भरले हो पाचशे!” असं आपण मोबाइल दाखवत ओरडतो, आणि नाक्यावरचा मुलगा शांतपणे म्हणतो, “मागे घ्या, बाजूला घ्या.”

टॅग काचेला चिकटवायचा असतो, हे आपल्याला सगळ्यात शेवटी पटलं. एकच टॅग दोन गाड्यांना पुरवणारे, नाका आला की तो खणातून काढून काचेपाशी नाचवणारे इतके झाले, की २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने असे हातातले टॅग काळ्या यादीत टाकायचं ठरवलं. माझ्या नशिबी उलटं आलं: टॅग नीट चिकटवलेला, आणि एका नाक्यावर एकाच फेरीचा टोल दोनदा कापला गेला. खिडकीवर असतो तर “अहो, आत्ताच दिले की!” म्हणून तिथेच भांडलो असतो. संदेश आला तेव्हा गाडी वीस किलोमीटर पुढे होती. तक्रारीला क्रमांक मिळाला, तिसऱ्या आठवड्यात पैसेही परत आले. पण भांडायला माणूस नव्हता, ही चुटपुट राहिली.

मुंबईच्या वेशीवरची गोष्ट मात्र टॅगने नाही, राजकारणाने मिटवली. कारचा टोल ४५ रुपयांवर गेला होता. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. सवय अशी, की मुलुंडला अजूनही माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

या नाक्यांवर वर्षानुवर्षं विचारला गेलेला एक प्रश्न मात्र टॅगने सोडवला नाही: पुलांचा खर्च किती आणि आजवर जमलं किती? २०१२ मध्ये आंदोलनकर्ते नाक्यांवर बसून गाड्या मोजत होते ते यासाठीच. आता प्रत्येक गाडीची नोंद सेकंदासकट होते. माझे किती कापले ते मला संदेशाने कळतं. एकूण रांजण किती भरला, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही.

गेल्या श्रावणात लेकीला घेऊन नाणेघाट चढलो. धुकं इतकं, की रांजण हाताशी आल्यावरच दिसला. ही इथली टोलाची पेटी, असं मी सांगितल्यावर तिने खिशातून पाचाचं नाणं काढलं. लगेच टाकलं नाही. टाचा उंचावून आधी आत पाहिलं. तळाला पावसाचं पाणी होतं आणि आधी येऊन गेलेल्यांची चार-दोन नाणी. तिने ती मोजली, आणि मग आपलं टाकलं.